तुकोगंजचे सर

इंदूरला बडा गणपतीच्या मागच्या गल्लीत, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी अठरा वर्षं जर्मन शिकवते आहे. एक पांढरा बोर्ड, दोन लांब टेबलं आणि दारात चपलांचा ढीग, एवढाच माझा क्लास. गेली काही वर्षं जीआरईच्या इंग्रजीची तयारीही करून घेते, कारण बाहेर मास्टर्सला जाणाऱ्या पुष्कळ मुलांना दोन्ही लागतं. गणित मात्र मला जमत नाही. आणि मी जर्मनीला कधी गेलेले नाही. हे मी कुणापासून लपवलं नाही, पण विचारल्याशिवाय सांगितलंही नाही.

ती मुलगी आली तेव्हा इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. वडील पीथमपूरच्या कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर, घरचे सगळे चार वर्षांपूर्वी नाशिकहून आलेले. पहिल्या दिवशी आई सोबत होती. माझं बोलणं ऐकून ती म्हणाली, "तुमची इंदूरची मराठी किती गोड आहे हो!" गोड म्हणजे काय ते मला समजलं. आमच्या मराठीत अर्धी हिंदी असते, त्याला मी काय करू? पण मुलगी तशी नव्हती. चुकली की स्वतःच हसायची, आणि तीच चूक पुन्हा करायची नाही. सहा महिन्यांत ती कर्माच्या आणि संप्रदानाच्या विभक्तीत गोंधळेनाशी झाली. ज्यांनी शिकवलंय त्यांनाच कळेल हे केवढं सुख आहे.

मग तिने गणितासाठी तुकोगंजला एका सरांकडे जायला सुरुवात केली. मीच म्हणाले होते, कुणीतरी बघ म्हणून. हे सर सात वर्षं जर्मनीत राहून, तिथे नोकरी करून परत आले होते. वडिलांना अर्धांगवायू झाला, म्हणून यावं लागलं. आता घरच्याच वरच्या मजल्यावर मुलांची जीआरईची तयारी करून घ्यायचे.

पहिला खडा एका मंगळवारी लागला. ती वाचत होती, आणि 'इश हाबं', म्हणजे 'माझ्याकडे आहे', असं असताना 'इश हाब' म्हणाली. मी थांबवलं.

"शेवटचा स्वर कुठे गेला?"

"मॅम, सर म्हणाले तिथे बोलताना कोणी 'हाबं' म्हणत नाही. खातात तो स्वर."

"परीक्षेत लिहावा लागतो."

"हो, लिहीनच ना मी," ती म्हणाली आणि पुढे वाचायला लागली. तिच्या दृष्टीने विषय संपला होता. माझ्या दृष्टीने तो नुकता सुरू झाला होता.

त्यानंतर दर तासाला एकदा तरी सर आलेच. सर म्हणाले बेकरीत असं बोलत नाहीत. सर म्हणाले हा शब्द आता म्हाताऱ्या बायकाच वापरतात. त्या दिवशी मी हसले, पण तो शब्द मी अठरा वर्षं शिकवत होते. सर म्हणाले रविवारी कपडे धुवायचं मशीन लावलं तर खालचे लोक वर येऊन भांडतात. ती हे सांगताना डोळे मोठे करायची, आणि माझ्या मनात यायचं, की मी हिला षष्ठी शिकवली तेव्हा हिचे डोळे असे झाले नव्हते.

यजमानांना सांगितलं तर ते पेपरातून मान वर न काढता बोलले, "अरे, मग काय झालं? येते तर आहे ना तुझ्याकडे?"

"येते, पण कान तिकडे ठेवून येते."

"तू पण फालतूचं मनाला लावून घेते," म्हणाले. फालतूचं नव्हतं. तेवीस वर्षांची असताना माझी जर्मनीच्या एका उन्हाळी कोर्ससाठी निवड झाली होती, येण्याजाण्याच्या खर्चासकट. बाबा म्हणाले, एकटी? बस, तेवढाच एक शब्द. मी गेले नाही. त्यावर कधी रडलेही नाही, कारण तेव्हा आमच्याकडच्या कुठल्याच मुली जात नव्हत्या. आता मात्र ह्या अनोळखी माणसाची बेकरी, त्याचं मशीन, त्याचे भांडकुदळ शेजारी, सगळं मला रोज माझ्याच खोलीत बसून ऐकावं लागत होतं. पोटात जळायचं म्हणतात ते खोटं नाही. खरोखर तिथेच जळतं, बरगड्यांच्या खाली.

अर्जांचे दिवस आले. तिने दोन विद्यापीठं धरली होती. एक मोठ्या शहरातलं, जिथे तिला हवा तोच विषय होता आणि जिथे तिचा जीव अडकला होता. दुसरं एका लहान गावातलं, हाताशी असावं म्हणून. दोन्हींना जर्मनमध्ये पत्र लिहायचं होतं: मला तुमच्याकडेच का यायचं आहे. शनिवारी दुपारी ती मोठ्या शहरासाठीचं पत्र छापून घेऊन आली.

"मॅम, सोमवारी शेवटची तारीख आहे. एकदा बघता? सरांनी बघितलंय, पण आर्टिकल्स तुम्हीच बघा."

कागदावर हिरव्या शाईत सरांचं बारीक, तिरकं अक्षर होतं. वाक्यंच्या वाक्यं बदललेली. आणि खरं सांगते, सुंदर बदललेली. माझ्याकडून तसं जर्मन लिहून झालं नसतं. मी लाल पेन घेतलं, दोन आर्टिकल्स दुरुस्त केली आणि तिसऱ्या परिच्छेदाशी आले. तिथे लिहिलं होतं की तिला लहानपणापासून अमुक गावी शिकायची ओढ आहे, आणि ते गाव दुसरं होतं. लहान गाव. एका पत्रातून दुसरं तयार करताना नाव बदलायचं राहून गेलं होतं. हिरवी शाई त्या ओळीच्या वरून गेली होती, खालून गेली होती. त्यांना ते दिसलं नव्हतं.

मला दिसलं. पेन त्या नावावर होतं. ती समोर बसून नखं चावत होती.

"ठीक आहे?" तिने विचारलं.

"मस्त आहे," मी म्हणाले. "तुझ्या सरांनी सगळं बघितलंच आहे."

कागद तिला परत दिला. ती थँक यू म्हणून, स्कूटीला किक मारून गेली.

रविवार कसा गेला ते लिहिण्यासारखं नाही. पोहे करपवले. दोनदा तिला मेसेज लिहिला आणि पुसला. स्वतःला सांगत राहिले, ती अपलोड करायच्या आधी एकदा वाचेलच की. सर बघतील की. एवढे जर्मनीत राहून आलेत. पुन्हा वाटायचं, तिने फोन करावा, रडावं, 'मॅम, सरांनी चूक सोडली हो' असं म्हणावं. हे वाटलं, हे मी कबूल करते.

सोमवारी सकाळी राहवेना. तिला फोन करायची मात्र हिंमत झाली नाही. काय सांगणार होते, शनिवारी आंधळी होते म्हणून? त्यापेक्षा सरांनाच गाठावं, त्यांना सांगावं, ते तिला कळवतील, असं ठरवून मी ॲक्टिव्हा काढली आणि तुकोगंज गाठलं.

मी मनात एक रुबाबदार माणूस उभा केला होता. दार उघडलं ते चाळिशीच्या, खांदे पडलेल्या एका माणसाने. एका हातात वडिलांचा पेजेचा वाडगा, खांद्यावर नॅपकिन. मी कोण ते सांगितल्यावर चेहरा एकदम उजळला.

"अरे, या या! तुम्हीच का त्या मॅम? तुमच्याकडची पोरं ग्रामरला एकदम पक्की असतात, मी सगळ्यांना सांगतो." आणि तसंच हसत, भरभर जर्मनमध्ये त्यांनी विचारलं, की किती वर्षं शिकवताय?

उत्तर तीन शब्दांचं होतं. माझे दुसऱ्या महिन्यातले विद्यार्थी ते देतात. मी ते बोर्डावर किती वेळा लिहिलं असेल! माझ्या तोंडातून निघालं, "अठारह साल से."

त्यांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. त्यांनी नुसती मान हलवली. मी घाईघाईने पत्राचं सांगितलं. तिसरा परिच्छेद, गावाचं नाव. ते ऐकून त्यांनी वाडगा खाली ठेवला आणि उभ्याउभ्याच तिला फोन लावला.

"बेटा, अपलोड केलंस का?"

तिने आदल्या संध्याकाळीच केलं होतं. पत्र आता बदलता येत नव्हतं. सर म्हणाले, "हे बघ, चूक माझी आहे. मी दोनदा वाचलं आणि मला दिसलं नाही. आपण त्यांना मेल लिहू. तुझ्या मॅमच्या लक्षात आलं म्हणून तर कळलं. इथेच उभ्या आहेत त्या, सकाळी सकाळी धावत आल्यात."

मी त्यांना थांबवलं नाही. किती सहज त्यांनी ती चूक स्वतःच्या अंगावर घेतली! आणि लाजेने मेल्याहून मेल्यासारखं व्हावं अशा त्या वेळीसुद्धा मला त्यांचा हेवाच वाटला. असं मोकळेपणाने 'माझी चूक' म्हणता येणं, हेही त्यांच्याकडे होतं आणि माझ्याकडे नव्हतं.

मेल लिहिला, त्याला सभ्य उत्तर आलं की अर्ज आहे तसाच विचारात घेतला जाईल. अडीच महिन्यांनी मोठ्या शहराने नाही म्हटलं. कारण दिलं नव्हतं, देत नाहीत ते. जागा कमी असतील, मार्क कमी पडले असतील, किंवा तिसरा परिच्छेद असेल. लहान गावातून होकार आला आणि ती तिकडे जायला निघाली.

निघण्याच्या आधी ती पेढे घेऊन आली. तेव्हा मी सांगितलं. बसायच्या आधीच सांगितलं, नाहीतर पुन्हा राहून गेलं असतं.

"त्या शनिवारी मला ते नाव दिसलं होतं. मी बोलले नाही."

तिने पेढ्यांच्या डब्याचा रबर ताणून सोडला. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं, मॅम. तुम्ही उम्लाउटचं एक टिंब सोडत नाही. अख्ख्या गावाचं नाव कसं सुटेल?"

"मग तू विचारलं का नाहीस?"

"विचारून काय करणार होते? तुम्ही नाही म्हणाला असतात तर ते खोटं आहे हे मला समजलं असतं." थांबून म्हणाली, "का केलंत?"

मी म्हणाले, "सरांचा हेवा वाटला. आणि थोडा तुझाही." याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तिने मान हलवली, माफ केलं असं म्हणाली नाही. जाताना पाया पडायला वाकली नाही, हात पुढे केला. मी तो हातात घेतला.

सरांनाही मी पुढे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "नाव तर मलाही दिसायला पाहिजे होतं ना भिया." इंदूरला सगळेच 'भिया', मीसुद्धा. त्यापुढे तो विषय त्यांनी काढला नाही. आता ते व्याकरणासाठी मुलं माझ्याकडे पाठवतात, आणि दर गुरुवारी सकाळी मी त्यांच्याकडे तासभर जर्मन बोलायला जाते. पहिले काही आठवडे मला घाम फुटायचा. आता वाक्य पुरं होतं, कधीकधी त्यांच्या वडिलांनाही ऐकून हसू येतं.

मुलगी बरी आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळतं. "काल तिचा फोन होता," ते सहज म्हणतात, आणि बरगड्यांखाली ते ओळखीचं जळणं अजून होतं. मला दिवाळीला तिचा मेसेज येतो, जर्मनमधून. मी तो दोनदा वाचते. त्यात एकही चूक नसते.