न बांधलेल्या खोल्यांतून फिरणारे मामा

मुलांनो, अजून न बांधलेल्या घरातून फिरून येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. परवा थोरली फोनवर सांगत होती, की तिच्या ऑफिसात इमारतीचं मॉडेल संगणकावर उभं करतात आणि विटा किती, सिमेंट किती, खर्च किती, ते मॉडेलच सांगतं. ती बोलत होती आणि मला आमचे एस्टिमेटवाले मामा दिसत होते. तेव्हाच्या औरंगाबादेत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी टायपिंग आणि फायली सांभाळत असे, आणि मामा बांधकामांच्या खर्चाचे अंदाज काढत. पिशोरकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. गवंड्याच्या हाताखाली शिकत शिकत टेबलापर्यंत पोचलेले.

नकाशा टेबलावर पसरला, की मामा आधी चपला काढत. मी पहिल्याच आठवड्यात कारण विचारलं. "घरात शिरायचंय ना, ताई," ते म्हणाले. मग डोळे मिटून ते दारातून आत जात. अरुंद बोळ आला, की खुर्चीतल्या खुर्चीत अंग चोरत. जिना चढताना त्यांना खरोखर धाप लागे. एकदा साहेबांनी तातडीनं हाक मारली, तर डोळे न उघडता म्हणाले, "आलो साहेब. दुसऱ्या मजल्यावर हाय, उतरू द्या." साहेब थांबले. मामा उतरेपर्यंत आम्ही सगळेच थांबत असू.

न बांधलेल्या घरात एवढी अदब पाळणारा हा माणूस बांधलेल्या घरात मात्र पाहुणा म्हणून नेण्याच्या लायकीचा नव्हता. पुंडलिकनगरला एका सहकाऱ्याच्या वास्तुशांतीच्या जेवणात त्यांनी डाव्या हातानं भिंतीवर टिचकी मारली, कान लावला आणि यजमानांना विचारलं, "वाळू कुठली वापरली?"

"का हो?"

"काय नाय. श्रीखंड वाढा."

यजमानांनी त्या दिवशी श्रीखंडाला हात लावला नाही.

विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न लोंबकळत होता, त्या वर्षांतली ही गोष्ट. वाळूजला कारखान्यांच्या शेड भराभर उठत होत्या, आणि शहरात मोर्चा, मग बंद, मग पुन्हा मोर्चा. नाव बदलावं म्हणून दलित समाज वर्षानुवर्षं झगडत होता. त्याच समाजातल्या मुली खेड्यांतून शिकायला आल्या, की त्यांना खोली मिळत नसे. घरमालकीण आधी आडनाव विचारी आणि मग खोली कालच गेली म्हणून सांगे. शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी या मुलींसाठी वसतिगृह बांधायचं ठरवलं. जमलेल्या देणग्यांत किती खोल्या होतील, एवढं आमच्या ऑफिसनं सांगायचं होतं. एका खोलीत चार मुली.

नेमकी तेव्हाच साहेबांची इंजिनिअर भाची पुण्याहून संगणक घेऊन आमच्याकडे रुजू झाली. तिनं पडद्यावर अख्खं वसतिगृह उभं केलं. ते हळूहळू, कुरकुरत, पण फिरे. मामा तोंड उघडं टाकून बघत बसले. "माझं डोळे मिटून दिसतं, हिचं उघड्या डोळ्यांनी!" असं त्यांनी मला तीनदा सांगितलं. मग भाचीनं एक कळ दाबली, प्रिंटर किंचाळला आणि उत्तर आलं: बारा खोल्या. मामांच्या कागदावर होत्या नऊ.

बाई समोरच बसल्या होत्या. "बाराचा शब्द दिलाय मी पोरींना," त्या म्हणाल्या. "तीन खोल्या म्हणजे बारा पोरी, मामा. त्यांना काय परत गावी धाडू?"

मामा पडद्याकडे वळले. "पोरी, ही बिल्डिंग जरा खालून दाखव."

भाचीनं वसतिगृह उलटं केलं. खाली काहीच नव्हतं.

"हिला पाय कुठंयत? तिथं काळी माती हाय. ती खांदून मुरूम भरावा लागंल. आन् भिंतींवर मारायला पाणी? टँकर आणावा लागंल. तुझ्या भिंतींना तहानच नाय."

भाची गोरीमोरी झाली. पण पोरगी चिकट होती. तिनं मामांचे कागद ओढून घेतले आणि तासाभरानं म्हणाली, "मामा, तुम्ही प्रत्येक कोपरा दोनदा धरलाय. उभ्या भिंतीत एकदा, आडव्या भिंतीत एकदा."

मी इतकी वर्षं ते कागद टाइप करत होते. माझे हात थांबले.

"व्हय," मामा म्हणाले, "धरतो."

"का पण?"

"ट्रकातून उतरताना इटा फुटतात. छापील फॉर्मात फुटक्या इटंला रकाना नाय. म्हणून कोपऱ्यात ठेवतो."

"आणि जिना एवढा महाग?"

"जिन्यात बंदचे दिवस हायत. काम थांबलं तरी मजुराच्या पोटाला लागतं का नाय?"

मी टाइपरायटरवर कोरा कागद चढवला. "मामा, काय काय कुठं लपवलंय ते एकेक सांगा. मी त्याला रकाने पाडते." दोन दिवस लागले. भाचीनं मॉडेलला पाया दिला, टँकर वेगळे लिहिले. मामांनी कोपऱ्यांतून विटा बाहेर काढल्या, जिन्यातून बंद काढले. मग असं दिसलं, की तीच फुटतूट गच्चीच्या कठड्यातही होती.

"ही दोनदा लपवलीय, मामा!"

"एका शाळेला कमी पडलं होतं," मामा हळूच म्हणाले. "छप्पर राहिलं होतं तिचं. लई वरसं झाली त्याला."

भाचीनं कठड्यातली फुटतूट खोडली. शेवटी दोघांचं मिळून उत्तर निघालं: अकरा.

"आणि बारावी?" बाईंनी विचारलं.

मामांनी पुन्हा डोळे मिटले. या वेळी ते फारच वेळ आत होते. डोळे उघडले तेव्हा त्यांना बाईंकडे बघवेना. "नाय बाई. लई शोधली."

अकरा खोल्या बांधून झाल्या आणि आम्ही बघायला गेलो. व्यवस्थापिकेच्या, म्हणजे बाईंच्या, ऑफिसात चार ट्रंका मांडलेल्या होत्या आणि बाईंचं टेबल व्हरांड्यात, उघड्यावर होतं. बाराव्या खोलीचा हा मार्ग दोघांच्याही कागदात नव्हता.

"पावसाळ्यात कसं करणार?" मामांनी विचारलं.

"तेवढा अंदाज आता तुम्ही काढा," बाई म्हणाल्या.

मामांनी सहा पत्रे आणले आणि स्वतः हातोडी घेऊन ठोकले. जुलैत मी कागदपत्रं द्यायला गेले तेव्हा तेही सोबत होते. टेबल कोरडं होतं, बाईही कोरड्या होत्या. एक मुलगी सही घ्यायला टेबलासमोर उभी होती आणि पत्र्याच्या काठावरची धार थेट तिच्या वेणीवर पडत होती. मामा वर बघत राहिले.

"मेज धरलं, बाई धरल्या," ते मला म्हणाले. "समोर उभी राहणारी पोरगी धरली नाय, ताई."

बाईंनी त्या मुलीला हाताला धरून आपल्या बाजूला घेतलं.

मामा जाऊन बरीच वर्षं झाली. वसतिगृह आता तीन मजली आहे. व्हरांड्यावर मात्र अजून सात पत्रे दिसतात. सातवा मागाहून लावलेला, रंगानं जरा वेगळा. त्या रस्त्यानं जाताना मी रिक्षावाल्याला तेवढ्यापुरतं हळू घ्यायला सांगते.