कोरमेट्ट्याच्या मचाणावरची सुकरी

आलापल्लीच्या पलीकडच्या जंगलात कोरमेट्टा नावाचा डोंगर होता. जमीनदारी मोडली, जंगल सरकारकडे आलं, आणि दोन उन्हाळ्यांनी खात्यानं त्या डोंगराच्या माथ्यावर सागाचे चार उंच खांब रोवून मचाण बांधलं. वणव्यावर नजर ठेवायला पोचूला नेमलं. होळीपासून मिरगापर्यंत रोज वर चढायचं, चारी दिशांना पाहत बसायचं आणि धूर दिसला की ढोल बडवायचा, एवढंच काम. पण सरकारी काम म्हटल्यावर पोचूची मान गावात जरा ताठ झाली, आणि त्याच्या बायकोची, सुकरीचीही.

वर जायला वाट म्हणावी अशी वाट नव्हती. नाला ओलांडला की झाडांच्या सालीवर पोचूनं कुऱ्हाडीनं पाडलेल्या खाचा पाहत जायचं. कातळ लागला तिथं तीन दगड एकावर एक रचलेले. नवखा माणूस हमखास चुकायचा आणि बांबूच्या बेटात जाऊन अडकायचा. सुकरी पाण्याची तुंबडी घेऊन दुपारी चढायची. तिसऱ्या उन्हाळ्यात एकदा ती सकाळीच त्याच्यामागून निघाली, तेव्हा तिला दिसलं की पोचू खाचा पाहत नाही, हातानं चाचपतो.

"काऊन गा, दिसत नाई का तुले?"

पोचू थांबला. झाडाला हात तसाच लावून म्हणाला, "उजेड दिसते. बाकी समदं धुकं."

डोळ्यांत ढग उतरले होते. चांद्याच्या दवाखान्यात नेते म्हणून ती मागं लागली, पण तो ऐकेना. चांद्याला गेलो तर इथली जागा जाईल, ही त्याची धास्ती. मग दोघांनी तोड काढली. सुकरी रोज बरोबर जाऊ लागली. काठीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. जंगलखात्याचा नाकेदार रामाजी, त्याची चौकी पायथ्याशी होती. चौकीपुढून जाताना मात्र पोचू काठी सोडून एकटा पुढं चालायचा. वर पोचल्यावर तो विचारायचा, "काय दिसते?" आणि ती सांगायची. दोन सुळक्यांच्या डाव्या अंगाला धूर, पांढरा, सरळ वर जाणारा. तेवढ्यावरून तो नाल्याचं नाव सांगायचा, लाकूड ओलं की सुकं तेही सांगायचा. दोन उन्हाळे असे गेले. एकही वणवा त्यांच्या नजरेतून सुटला नाही.

सुकरीचा भाऊ इसरू दक्षिणेकडच्या टोल्यावर, चार झोपड्यांच्या वस्तीत राहायचा. बापजाद्यांसारखा तोही उतारावरची झाडं तोडून, जाळून त्या राखेत कोसरा, हलकं भरडधान्य, पेरायचा. आता त्याला बंदी आली होती. आदल्या वर्षी रामाजीनं त्याला धरून नेलं आणि तो चार महिने सिरोंच्याच्या कोठडीत बसला. त्या दिवसांत त्याची तान्ही पोरगी गेली. सुटून आल्यावर तो बहिणीला म्हणाला होता, "यंदा एकच तुकडा जाळीन. तू वर असशीन, तं पाहून नाई पाह्यल्यासारखं करजो." सुकरी हो म्हणाली नाही आणि नाही म्हणाली नाही.

चैतातली सकाळ होती. दक्षिणेच्या उतारावरून बारीक निळा धूर निघाला. कुणाचा ते तिला लगेच कळलं.

"काय दिसते?"

"काई नाई."

पोचूनं नाक वर केलं. "दक्षिणेकडून वास येऊन राह्यला."

"मोहाखालचा पाला जाळला असन कोनी, फुलं वेचाले."

 पोचू ढोलावर हात ठेवून बसून राहिला. एकदा त्यानं तोंड तिच्याकडे वळवलं, जणू चेहरा पाहायचा होता. सुकरी खाली बघत राहिली.

दुपारी वारं फिरलं. निळा धूर काळा झाला, आडवा पसरला आणि बघता बघता आग मोकळा राखलेला पट्टा ओलांडून सागाच्या नव्या लागवडीत शिरली. सुकरीनं त्याच्या हाताखालचा ढोल ओढून घेतला आणि जीव खाऊन बडवला. खालची माणसं धावली, पण उशीर झाला होता. जंगल तीन दिवस जळत होतं.

पाचव्या दिवशी रेंजर साहेब आले. आग कुठून लागली ते मचाणावरून दाखव म्हणाले. पोचू त्यांना घेऊन निघाला, मागं रामाजी, सर्वांत मागं सुकरी. तो काठीशिवाय, झाडामागून झाड चाचपत, एकही खाच न चुकता त्यांना थेट माथ्यावर घेऊन गेला. साहेब धापा टाकत होते. वर गेल्यावर म्हणाले, "दाखव."

पोचूनं अंदाजानं हात उचलला. समोर काळा पडलेला डोंगरच्या डोंगर होता, आणि हात भलतीकडं, हिरव्या रानाकडं. साहेबांनी रामाजीकडं पाहिलं, मग आपली टोपी पोचूच्या तोंडापुढून हलवली. त्याची पापणीही लवली नाही.

"ही बाई रोज तुझ्याबरोबर असते म्हणे. त्या दिवशी होती? हिला दिसलं नाही?"

 सुकरीच्या आधी पोचूच बोलला. "नाई साहेब. ते पान्याले खाली गेली होती. मी एकटाच होतो. मी आंधळा हावो, कोनाले सांगतलं नाई. चुकी माही हाय."

उतरताना तिनं काठीचं टोक पुढं केलं. त्यानं ते धरलं नाही.

पोचूची जागा गेली, आणि आंधळेपण लपवून सरकारचा पगार खाल्ला म्हणून गाव त्याला लबाड म्हणू लागलं. नवा माणूस आला. पंधरा दिवसांनी सुकरी भावाच्या टोल्यावर गेली. आग उलटून टोल्यावरही आली होती. इसरूची झोपडी, बियाण्याचा कोसरा, दारातले दोन्ही मोह जळून गेले होते. तो राखेत काहीतरी उकरत होता. बहिणीला पाहून उठलासुद्धा नाही.

"तू वर बसून पाहून राह्यली होती. ढोल काऊन नाई वाजवला?"

"तूच तं म्हनला होता..."

"थोड्या धुराले म्हनलो होतो. एवढं पेटेपरेंत तुले समजलं नाई? तुह्यापेक्षा तं परकी बरी असती."

तिनं आणलेली तांदळाची गठडी तिथंच ठेवली आणि परत फिरली. इसरू पावसाळ्याआधी बायकोपोरांना घेऊन इंद्रावतीपलीकडे निघून गेला, तो परत कधी दिसला नाही.

पोचू त्यानंतर चार वर्षं जगला. सुकरीनं त्याचं सगळं केलं, त्यानंही तिला कधी उणा शब्द ऐकवला नाही. पण दारात कोण आलं, आभाळ कसं आहे, हे तो शेजारच्या बुधरीला हाक मारून विचारायचा. सुकरी तीन हातांवर बसलेली असायची. एकदा तिनं सगळं सांगायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. मले तवाच समजलं होतं." आणि कूस बदलून झोपला.

तो गेला त्या वर्षी उन्हाळ्यात ती तेंदूपान तोडायला जाऊ लागली. बायांच्या टोळीत ती कुणाशी बोलत नसे. कुणी पोचूबद्दल विचारलंच, तर एवढंच सांगायची की माझा माणूस लबाड नव्हता.