अप्पांनी काढलेला बिल्ला

शांतलिंग हे नाव आईबापांनी कुठल्या मुहूर्तावर ठेवलं, देव जाणे. हा माणूस सकाळी दुकानाचं शटर वर करायचा तोच चिडून. येरमाळ्याला हायवेच्या कडेला त्यांचं कुशनचं दुकान. गाड्यांच्या सीटा शिवायच्या, लोंबणारं छताचं कापड बदलायचं, यातच हयात गेली. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे.

अलीकडं अप्पांना एका गोष्टीची शिसारी बसली होती. जो तो उठायचा, पुण्याहून वापरलेली भारीतली गाडी आणायचा आणि तिच्या ढुंगणावर 'स्पोर्ट'चा बिल्ला चिकटवायचा. गाडी एकच, पण कंपनी तिचे दोन प्रकार काढते. एक साधा, एक स्पोर्ट. स्पोर्टची ऐट जास्त, म्हणून साध्या गाडीला स्पोर्टचं सोंग द्यायचं. घरी म्हातारीच्या गोळ्या आणायला सवड नाही आणि इथं बिल्ला पुसत बसलेत! अप्पा रस्त्याकडं बघून पचकन थुंकायचे.

त्यातून पुन्हा त्यांच्याच दुकानापुढं येऊन, "अप्पा, वळखा बरं!"

"सरक तिकडं. बंपर बाजारात मिळतो, बिल्ला बाजारात मिळतो. बाहेरून काय बघायचं, डोंबल?"

अप्पा दार उघडून आत बसायचे. स्पोर्टची सीट दोन्ही कुशींना घट्ट धरते. साध्या सीटवर माणूस पाटावर बसल्यासारखा बसतो. स्टिअरिंग जाड, मुठीत भरणारं. मग मान वर करून ते छत बघायचे. ज्या गाड्या इकडं यायच्या त्यांत स्पोर्टचं छत काळं आणि साधीचं फिकट असायचं. ते बदलायचं म्हणजे सगळं छत उतरवायचं, आणि कुणी उतरवलंच तर कडेची घडी अप्पांना दिसल्याशिवाय राहायची नाही.

सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी चारचौघांत सांगितलं होतं, "भाऊ, टोपी घातली तुला. साधी हाय." मेव्हणा तेव्हापासून त्यांच्या उंबऱ्याला शिवला नाही. पण म्हणूनच भूम-परंड्यापर्यंत अप्पांचा शब्द चालायचा. मोबाईलवर नंबर टाकून गाडीची कुंडली निघते म्हणे. निघू दे. सोयरिकीत मोबाईलचा शब्द कोण धरतो? तिथं माणूसच लागतो.

तर सोयरीक होती रामकिसनच्या लेकीची. रामकिसन अप्पांचा शाळेपासूनचा दोस्त, भूमला खताचं दुकान. लेक शिवांजली पतसंस्थेत नोकरीला. मुलगा परंड्याचा, श्रीनाथ. "आमचं काय बी मागणं न्हाय," असं म्हणत बसलेल्या माणसांनी उठता उठता गाडी मागितली. नवी नको, वापरलेली चालंल, पण स्पोर्टच पायजे. रामकिसननं पुण्याला जाऊन आणली. तरी मुलाचे चुलते, कृष्णराव, यांना शंका. "येरमाळ्याच्या अप्पांना दाखवू. ते स्पोर्ट म्हणले तर तिथंच सुपारी फोडू. न्हाय म्हणले तर राम राम."

अप्पा भूमला पोचले तेव्हा अंगणात गाडी हार घालून उभी, आणि पाहुणे तिच्याभोवती गुळावर माशा घोंघावाव्यात तसे. एक टायरवर लाथ मारत होता. एक बॉनेटवर हात फिरवून धूळ हुंगत होता. कृष्णरावांनी नखानं बिल्ला खरवडला, आणि त्याच नखानं दातातली सुपारी काढली.

शिवांजली चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. कृष्णरावांनी तिला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"पोरगी तर साधीच हाय. निदान गाडी तरी स्पोर्ट पायजे का नको?"

सगळे खदाखदा हसले. श्रीनाथही हसला. तोंड लपवून नव्हे, चांगला मान मागं टाकून हसला. रामकिसनसुद्धा हसल्यासारखं करून खाली बघायला लागला.

अप्पांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ते आपलं काम करायला आत बसले. सीटनं कुशींना धरलं. स्टिअरिंग मुठीत भरलं. वर छत काळंभोर, कडेची घडी कंपनीची, कुणाचा हात न लागलेली. शंभर नंबरी स्पोर्ट. बाहेर रामकिसन त्यांच्या तोंडाकडं डोळे लावून उभा होता.

तेवढ्यात शिवांजली पाण्याचा तांब्या घेऊन गाडीच्या दाराशी वाकली आणि कुजबुजली,

"अप्पा, गाडी कशी बी असू द्या. साधी हाय म्हणून सांगा. पाया पडते तुमच्या."

"येडी का काय? बापाला सांग की सरळ."

"दोनदा सांगितलं. ते म्हणतात, सगळे असंच हसत्यात, मनावर घेऊ नको."

अप्पा पाणी प्यायले. तांब्या परत दिला. आजवर गाडीबद्दल ते कुणाच्या बापालाही खोटं बोलले नव्हते. ते खाली उतरले आणि धोतराला हात पुसले.

"खोटी हाय," ते मोठ्यानं म्हणाले. "साधी गाडी, वर बिल्ला."

मग जे झालं ते बघवत नव्हतं. पाहुण्यांनी चहाला तोंड लावलं नाही. आणलेला नारळ परत पिशवीत गेला. श्रीनाथच्या आईनं उघडलेला पेढ्यांचा पुडा मोजून बघून बांधला, तोही पिशवीत. छ्या! अशा घरात पोरगी द्यायची?

अंगण रिकामं झाल्यावर रामकिसन अप्पांजवळ आला.

"शांत्या, दोस्त ना रे तू माझा? माझ्या लेकीसाठी एवढं एक खोटं बोलला असतास तर काय जीभ झडली असती का तुझी?"

अप्पा खाली मान घालून येरमाळ्याच्या वाटेला लागले.

त्यानंतर रामकिसननं त्यांच्याशी बोलणं सोडलं. येरमाळ्याला येडेश्वरी देवीच्या दर्शनाला यायचा, दुकानावरून जायचा, पण मान दुसरीकडं.

उन्हाळ्यात एकदा तीच गाडी दुकानापुढं थांबली. चालवत होती शिवांजली.

"बाबांनी पाठवलंय. म्हणाले, त्यो खोटा बिल्ला काढून आण, लोकं हसत्यात."

"तुझ्या बापाला दुसरं कुशनचं दुकान न्हाय घावलं व्हय?"

"ते म्हणाले, ज्यानं खोटा म्हणला त्यानंच काढावा."

अप्पांनी गरम पाण्याचं फडकं बिल्ल्यावर दाबून धरलं. मग त्याच्यामागून सीट शिवायचा दोरा ओढत राहिले. कंपनीचा डिंक, निघता निघेना.

"अप्पा, बाबांना खरं सांगू का? तुमच्यावर लई राग धरून बसलेत."

"खबरदार!" अप्पा खेकसले. "गाडी खरी हाय कळलं, की पेढं घिऊन परंड्याला पळंल त्यो."

शिवांजलीलाही बाप माहीत होता. बिल्ला निघाला. अप्पांनी तो तिच्या हातात दिला, आणि पुन्हा शिवायला बसले.

गाडी निघून गेली. थोड्या वेळानं दुसरी एक येऊन थांबली, मागं नवाकोरा बिल्ला.

"अप्पा, वळखा बरं! स्पोर्ट हाय का साधी?"

"मला कळत न्हाय," अप्पा म्हणाले.