भोंग्यावर गेलेलं नाव

आमच्या मुलुंडच्या कॉलनीत किस्से कचऱ्यासारखे साठतात. कचरा निदान सकाळी कुणीतरी उचलतं. माझ्या नावाचे किस्से वर्षभर तिथेच पडून होते. म्हटलं, आपणच उचलू.

सुरुवात गणपतीतली. मूर्तीच्या गळ्यातला चांदीचा हार सापडेना. मखर मी लावलेलं, म्हणजे चोर मीच! मंडळाचे अध्यक्ष दळवीकाका. वयाने मोठे, बाकी कशानेच नाही. त्यांनी सरळ माइक धरला. "पम्या सावंत, हार आणून दे. कोणी मारणार नाही!" सगळ्या बिल्डिंगा, समोरची चाळ, रिक्षावाले, सगळ्यांनी ऐकलं. मी तेव्हा आरतीचं तबक पुसत होतो.

विसर्जन झालं, दसरा गेला, आणि दळवींच्या घरचा तांदूळ तळाला लागला. डब्यातून हार निघाला! रात्री कुणी नेऊ नये म्हणून काकांनीच खुपसून ठेवलेला, आणि विसरले.

दळवीकाकू आमच्याकडे आल्या, दार लावून घेतलं आणि आईला हे सांगितलं. "आमच्या ह्यांना कळू देऊ नका हं, मी आले होते."

आई मालवणची. ती एवढंच म्हणाली, "मगे ता भोंग्यार कोण सांगतलो?"

काकूंनी हळूच कडी काढली आणि गेल्या.

काकूंचं नाव न काढता मी काकांना जिन्यात गाठलं. "हार मिळाला ना रे? मग विषय संपला!" म्हणाले. त्यांचा संपला. माझा तिथे सुरू झाला. ज्या भोंग्यावर नाव गेलं, त्याच भोंग्यावर परत यायला हवं. बस्स.

शाळेतला किस्सा छोटा आहे. मास्तरांचं डस्टर दिसेना. "सावंत, दप्तर उघड." डस्टर त्यांच्याच बगलेत! पोरं हसली, मास्तरही हसले. सॉरी? छे! मी दप्तर बंद केलं आणि जो बाहेर पडलो, तो परत गेलोच नाही. गिरणी बंद पडल्यापासून घरी बसलेले बाबा म्हणाले, "मोठ्यांचं एवढं मनाला लावून घेतात का?"

"मोठे जरा लहानांसारखं सॉरी म्हणाले असते, तर नसतं घेतलं," मी म्हटलं.

तळमजल्याच्या जोशीकाकूंना गॅसचा सिलिंडर आत नेऊन हवा होता. उचलायला पम्याच लागतो ना! मी उंबरठा ओलांडला तसं काकूंनी पटकन टीव्हीच्या लाकडी पेटीचं शटर ओढून कुलूप लावलं. खांद्यावर सिलिंडर, आणि मी म्हटलं, "काकू, टीव्ही शर्टात मावत नाही हो!"

काम मागायला गेलो ते बाबूशेठकडे. भोंगे, अँप्लिफायर भाड्याने देणारा माणूस. नाव सांगितल्यावर तो हसायलाच लागला. "अरे, तू तोच काय? माझ्याच भोंग्यावरून तुझं नाव गेलेलं! आवाज क्लिअर होता ना?"

"एकदम झकास," मी म्हटलं.

त्याने दुकानाची चावी माझ्याकडे फेकली. "उद्यापासून शटर तू उघड." पुढे कित्येक महिने मी वायरी सोलल्या, झाडांवर चढून भोंगे बांधले, बारशांना आणि लग्नांना हॅलो हॅलो केलं. कुणी खिशाकडे बघितलं की मी त्याच्याकडे बघायचो. हळूहळू लोकांनी बघणं सोडलं. आमची कॉलनी सोडून.

आणि परत गणपती आले. कॉलनीची ऑर्डर बाबूशेठला, ऑपरेटर मी. पहिली आरती, माणसं झांजा घेऊन उभी. दळवीकाका माइकसमोर आले. "हॅलो, हॅलो... पम्या, आवाज येत नाही रे."

"बटण बंद आहे, काका. गेल्या वर्षीची एक अनाउन्समेंट बाकी आहे. ती करताय तर चालू करतो."

"पोरा, सणाच्या दिवशी? उद्या घरी येऊन तुझ्या आईला सांगतो!"

"घरी नको. तेव्हा घरी आला नव्हतात."

"वडीलधाऱ्यांशी असं बोलतात?"

"बारीक आवाजात बोलतोय, काका. भोंगा नाही माझ्याकडे चालू."

कुणीतरी मागून ओरडलं, "अरे, आरती!" मी अँप्लिफायरवर हात ठेवून बसून राहिलो. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून दळवीकाकू पुढे आल्या. काकांच्या हातातला माइक घेतला. माझ्याकडे बघितलं. मी बटण दाबलं.

"हॅलो. गेल्या वर्षीचा हार आमच्या घरी तांदळाच्या डब्यात होता. ह्यांनीच ठेवलेला."

काका किंचाळले, "अगं, चालू आहे ते!"

"माहितीये," काकू म्हणाल्या. "पम्या, आवाज वाढव जरा."