बटाट्याच्या फळांचं बी

सत्तर-एकाहत्तर साली, माझ्या लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात, कोपरगावजवळच्या आमच्या मळ्यात बटाट्याच्या झाडांना छोट्या टोमॅटोसारखी हिरवी फळं लागली.

"विषारी असत्यात ती, टाकून दे," सासूबाई म्हणाल्या.

मी टाकली नाहीत. मऊ पडल्यावर ती पाण्यात कुस्करली, तिळाहून बारीक बी धुऊन वाळवलं आणि पुढच्या दसऱ्याला फुटक्या डब्यात पेरलं. रोपं जरा मोठी झाल्यावर वाफ्यात लावली.

काढणीला सासूबाई स्वतः खुरपं घेऊन आल्या. सुपारीएवढे बटाटे निघाले. काही पांढरे, काही लाल, एक चक्क जांभळा. त्या मातीतच बसून हसायला लागल्या. "एका घरची लेकरं, अन् रंग बघ किती."

दुपारी आम्ही दोघींनी ते सालासकट तिखटमिठात परतून खाल्ले. जांभळा मात्र त्यांनी बियाण्यासाठी लपवून ठेवला.