जागा अपुरी आहे

नव्या गेमची मी सहा महिने वाट पाहत होतो. आज पोट बिघडल्याचं ऑफिसला कळवलं आणि सकाळीच डिस्क कन्सोलमध्ये सरकवली. टीव्हीवर ओळ उमटली: जागा अपुरी आहे.

अशी चिडचिड झाली! डिस्क आत गेली, तरी गेम अजून बाहेरच. मग मदत म्हणून काय पुसता येईल याची यादी कन्सोलनेच पुढे केली. बरेच दिवस न उघडलेले गेम, सगळ्यांत जुना वर. तो क्रिकेटचा होता. मी आणि बाबा दर रविवारी खेळायचो. चेंडू वळला की बाबा कंट्रोलरसकट स्वतःही वळायचे. आमची एक मॅच अर्धवट राहिली होती, बाबांची बॅटिंग चालू असताना. मग ते आजारी पडले, आणि आता आतल्या खोलीतच असतात.

यंत्राला राग-लोभ नसतो. कोण किती दिवस हललं नाही, एवढंच ते बघतं. न हलणारं गुपचूप यादीत वर सरकत राहतं. अशी एखादी यादी आपलीही असेल, फक्त आपल्याला दिसत नसेल.

मी क्रिकेटचा गेम निवडला. सेव्ह केलेलं सगळं पुसलं जाईल, अशी सूचना आली. मी बटण दाबलं. नव्या गेमची निळी पट्टी सरकू लागली, संगीत सुरू झालं.

ते ऐकून आतून बाबांचा आवाज आला, कित्येक महिन्यांनी इतका खणखणीत.

"लावलास का रे? थांब, आलो. बॅटिंग माझीच होती ना?"