नत्थूनं पाणी उतरवलं

दिघोरीच्या तलावाचं तुडूम माझ्या लहान भावाच्या, नत्थूच्या हातात. तुडूम म्हणजे पारीतलं, तलावाच्या मातीच्या भिंतीतलं भोक, त्यातूनच पाणी खाली धानाच्या बांध्यांत जाते. ते कधी उघडाचं, हे नत्थूच ठरवे. कोणाचं ऐकणं त्याच्या रक्तातच नाही. सांगून सांगून माझी जीभ झिजली. मी थोरली बहीण, पण उंटावरच्या शहाण्याले कोण काय सांगंन!

चैतात त्याचं डोकं दुखू लागलं. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं डोक्याचे फोटो काढाले लावले अन् नागपूरले धाडलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनं त्या फोटोंवरून नत्थूच्याच डोक्यातल्या नसा कंप्युटरवर उभ्या केल्या अन् त्यातून रक्त वाहताना दाखवलं. एका वळणावर नस फुगली होती. रक्त तिथं गरगर फिरे, धडका दे, अन् ती जागा लालभडक होऊन जाय.

मॅडम भली बाई. आम्हाले समजावं म्हणून म्हणाली, तलावाची पार एका जागी पातळ होते ना, तसंच समजा. महिनाभरात ऑपरेशन करू, गोळ्या चुकवू नका. नत्थू नुसता पाहत राहिला.

घरी गोळ्या वेळेवर घेऊ लागला. मले वाटलं, चला, सुधारला एकदाचा. वैशाख तापून राहिला होता. जेवताना मी तांब्या भरून ठेवो, तो रिकामा सापडे. पण त्याचे ओठ फाटले, डोळे खोल गेले. एक दिवस मोरीवर तांब्या ओतताना मी त्याले धरलंच. असा संताप आला मले!

"काहून रे, मराचं हाय का तुले?"

"बाई, पार बांधाच्या आधी तलावाचं पाणी उतरवा लागते," तो म्हणाला. "भरल्या तलावाची पार कोणी बांधते का?"

शिव्या देऊन मी तांब्या त्याच्या तोंडाले लावला. दोन घोट घेतले त्यानं. दुसऱ्या दिवशी तलावावरच पडला. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

मॅडमनं पुन्हा फोटो काढले. फुगलेली नस होती तशीच होती, फुटली नव्हती. अंगात पाणी नाही, वरून ऊन, रक्त घट्ट होऊन दुसरीच नस बंद पडली होती. पाणी उतरवाचं त्याचं बोलणं मी सांगितलं, तशी मॅडम रडली. मी नाही रडली. माझा रागच उतरत नव्हता.

आता नत्थू खाटेवर पडून राहते. तांब्या दिसला की डावा हात उचलते. ठसका लागंन म्हणून तांब्यानं पाजाची मनाई हाय. मी चमच्यानं थेंब थेंब पाजते, अर्धं उशीवर सांडते. तो पुन्हा हात उचलते. मी तांब्या खाटेमागं लपवून ठेवते.